मानसशास्त्राच्या पदवीनंतर व्यवसायोपचारतज्ज्ञ होण्याचा मार्ग कोणता?

प्रश्न: वाईची शिक्षिका

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका विशेष शाळेत चार वर्षांपासून शिकवते. बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन केली. त्यानंतर मानसशास्त्रात बी.ए. आणि पुढे विशेष शिक्षणातील बी.एड. पूर्ण केले. भारतीय पुनर्वास परिषदेकडे विशेष शिक्षिका म्हणून माझी नोंदणी आहे. वय २६.

आमच्या शाळेत दर पंधरा दिवसांनी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजेच व्यवसायोपचारतज्ज्ञ, मॅडम येतात. सेरेब्रल पाल्सी असलेला नऊ वर्षांचा एक मुलगा चमच्याने खाऊ लागला की घास तोंडापर्यंत पोहोचेतो अर्धी खिचडी मांडीवर सांडत असे. आम्ही सहा महिने त्याच्या हाताला धरून सराव घेत होतो आणि हात सुधारत नाही म्हणून हताश होत होतो. मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटे त्याला हात न लावता नुसते पाहिले आणि म्हणाल्या, "याचे पाय लोंबकळताहेत, ते आधी टेकवा." जुन्या वह्यांचे दोन गठ्ठे दोरीने बांधून आम्ही त्याच्या पायांखाली ठेवले. मग त्यांनी चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो अंगठ्याएवढा जाड केला. त्या दिवशी काहीच सांडले नाही असे नाही, पण निम्म्याहून कमी सांडले. हात बिघडलेला असताना उपाय पायांखाली सापडतो, हे मला कोणत्याच अभ्यासक्रमात कुणी शिकवले नव्हते, आणि तेव्हापासून हे शास्त्र रीतसर शिकावे असे मनाने घेतले आहे.

अडचण अशी आहे की गेल्या वर्षी घाईने एका संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा केला. फोनवर 'यानंतर थेरपी देता येईल' असे सांगितले होते. १५ हजार रुपये भरले, चित्रफिती पाहिल्या, परीक्षा दिली आणि हाती आलेल्या प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत 'केवळ माहितीसाठी, व्यवसायाच्या परवान्यासाठी नव्हे' असे छापलेले होते. तेच पुन्हा होऊ नये म्हणून येथे विचारत आहे. मानसशास्त्राच्या पदवीवर थेट पदव्युत्तर शिक्षण घेऊन व्यवसायोपचारतज्ज्ञ होता येते का? परदेशात तसे होते असे ऐकले आहे, ते कितपत खरे? आणि आपल्याकडे पुन्हा पदवीपासूनच सुरुवात करावी लागणार असेल, तर या वयात नीटला बसणे शहाणपणाचे आहे का?

उत्तर: परळची जुनी विद्यार्थिनी

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते: महाराष्ट्रात तसे होत नाही. आपल्याकडे व्यवसायोपचारातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.ओ.टीएच., ही बी.ओ.टीएच., म्हणजे याच विषयातील पदवी, झालेल्यांसाठी आहे; मेंदू व मज्जासंस्थेचे आजार, बालविकासातील अडचणी, हाडे-स्नायू अशा एखाद्या शाखेत खोल शिरण्यासाठी ती असते, बाहेरून आलेल्या पदवीधराला या व्यवसायात घेण्यासाठी नसते. मानसशास्त्रातील बी.ए. कितीही उत्तम गुणांनी केलेली असली तरी ती तुम्हाला दारापर्यंत आणते, आत नेत नाही.

आत जाण्याची वाट अशी आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र, मग नीट, त्या गुणांवर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची प्रवेशफेरी आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची साडेचार वर्षांची बी.ओ.टीएच., ज्यातील शेवटचे सहा महिने आंतरवासिता. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. काही खासगी महाविद्यालयेही आहेत. पदवीनंतर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद २००२ च्या अधिनियमाने आली, आणि तुमच्यासारखी फसगत टाळायची असेल तर यापुढे कोणत्याही संस्थेला एकच प्रश्न विचारा: 'तुमच्या प्रमाणपत्रावर परिषद माझी नोंदणी करेल का?' समोरचा माणूस विषय बदलू लागला की फोन ठेवून द्या. शिवाय केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र कायदा करून राष्ट्रीय आयोग स्थापन केला आहे आणि व्यवसायोपचार त्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे अभ्यासक्रमाचा आराखडा आणि प्रवेशाचे नियम यांत फेरफार होत राहतील. ज्या वर्षी अर्ज भराल त्याच वर्षाची माहितीपुस्तिका वाचा, माझ्या काळच्या नियमांवर विसंबू नका.

केईएमचे नाव घेतले म्हणून थोडे विषयांतर करते. आशियातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० मध्ये याच रुग्णालयात सुरू झाले आणि ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन होत्या. लग्न होऊन त्या भारतात आल्या, पुढे पुन्हा अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियात हे शिक्षण घेऊन परतल्या आणि मग आयुष्यभर इथेच राहिल्या. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणचे कमला निंबकर बालभवन हे नाव तुम्ही साताऱ्याच्या असल्याने ऐकले असेलच. ते नाव यांचेच. उतरत्या तरुणपणी नवे शास्त्र शिकायला बसलेली बाई आमच्या व्यवसायाची इथली संस्थापक आहे, तेव्हा २६ या वयाची काळजी आमच्यापुढे करू नका.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ही साडेचार वर्षे जातात कुठे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि विषयाची मूलतत्त्वे. नंतर विकृतिशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, मानसशास्त्र. पुढे अस्थिरोग, मज्जाविकार, बालरोग, मनोविकार हे विषय आणि त्या प्रत्येकातील व्यवसायोपचार. पुस्तके वैद्यकाच्या इतर शाखांसारखीच जाड आहेत. पण ज्यासाठी तुम्ही येऊ पाहता ती गोष्ट पुस्तकात थोडी आणि विभागात फार आहे. पहिल्याच वर्षी आम्हाला 'चहा करणे' या एका क्रियेचे विश्लेषण लिहून आणायला सांगितले होते. मी अर्धे पान लिहून नेले. बाईंनी ते परत केले आणि विचारले, "लायटर कोणत्या हातात होता? दुसरा हात तेव्हा काय करत होता? साखरेच्या डब्याचे झाकण पिळायचे की उचलायचे? दूध उतू जाताना नजर कुठे होती? डाव्या अंगाला पक्षाघात झालेल्या बाईला यातले नेमके काय जमणार नाही?" दुसऱ्यांदा लिहिले तेव्हा सहा पाने झाली आणि तरी गाळणे राहून गेले होते.

तिसऱ्या वर्षी मी पहिला कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट उचलून धरणारा साचा, केला. लेथवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या दंडातील रेडियल नस दुखावल्याने मनगट खाली पडले होते. थर्मोप्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात टाकला की उकडीच्या पापडासारखा लोंबू लागतो. तो पुसून हातावर बसवायला फार थोडा वेळ मिळतो, मग तो घट्ट होतो. मी मोठ्या काळजीने मनगट उचललेल्या स्थितीत धरले, कडा गुळगुळीत केल्या, पट्ट्या लावल्या आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिले. त्या गृहस्थांनी मूठ वळवून पाहिली आणि म्हणाले, "बाई, यात मी लोकलची कडी कशी धरू?" स्प्लिंटची पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे थांबायला हवी, नाहीतर बोटे मुळातून वाकत नाहीत, हे मी परीक्षेत बिनचूक लिहिले होते. तरीही हातावर मात्र अर्धा इंच पुढे गेले होते. कड पुन्हा गरम करून मागे वळवली तेव्हा मूठ मिटली. सहा महिन्यांच्या चित्रफितींतून हे शिकता येत नाही, कारण चित्रफीत 'कडी कशी धरू' असे विचारत नाही.

एक व्यावहारिक सूचनाही करते. तुमच्या घरी हे सांगताना 'ओटी करायचे आहे' असे म्हणू नका. रुग्णालयात ओटी म्हणजे शस्त्रक्रियागृह आणि मराठी घरात ओटी म्हणजे खणानारळाची. माझ्या सासूबाईंनी पहिली दोन वर्षे मी ऑपरेशनला सामान पुरवते असेच सर्वांना सांगितले होते. 'व्यवसायोपचार' म्हटले की लोकांना नोकरी लावून देणारे खाते वाटते. त्यातल्या 'व्यवसाय' शब्दाचा अर्थ माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळे, म्हणजे आंघोळीपासून अभ्यासापर्यंत आणि भाकरी थापण्यापासून पत्ते खेळण्यापर्यंत, असा आहे हे एकदा नीट समजावून सांगा, म्हणजे पुढची साडेचार वर्षे ते सतत समजावत बसावे लागणार नाही.

उत्तर: ओहायोतील सांगलीकर

तुम्ही ऐकले ते अमेरिकेबाबत खरे आहे, आणि माझी वाट तीच असल्याने थोडे सविस्तर लिहितो. इथे व्यवसायोपचारतज्ज्ञ होण्यासाठी पदवी कोणत्याही विषयातील चालते. व्यवसायात प्रवेश मिळतो तो पदव्युत्तर किंवा व्यावसायिक डॉक्टरेट पातळीवर. साधारण दोन ते अडीच वर्षांची मास्टर्स किंवा सुमारे तीन वर्षांची ओ.टी.डी. यांपैकी एक करावी लागते. २०२७ पासून डॉक्टरेटच बंधनकारक होणार अशी घोषणा २०१७ मध्ये झाली होती. पुढे ती मागे घेतली गेली आणि दोन्ही वाटा खुल्या राहिल्या. इंटरनेटवर जुने लेख वाचून घाबरू नका.

मात्र 'कोणत्याही विषयातील पदवी' या शब्दांना मोठी शेपटी आहे. प्रवेशाआधी प्रयोगशाळेसह शरीररचना व शरीरक्रिया, संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र असे ठरावीक विषय उत्तीर्ण झालेले लागतात. तुमचे मानसशास्त्र येथे कामी येईल, शरीररचना मात्र वेगळी करावी लागेल. आपली तीन वर्षांची बी.ए. काही विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष मानतात, काही मानत नाहीत. प्रत्येकाला वेगळे विचारावे लागते. अनेक ठिकाणी एखाद्या थेरपिस्टच्या कामाचे तुम्ही किती तास निरीक्षण केले, हेही विचारतात. तुमच्या शाळेत येणाऱ्या मॅडमच्या सहीने ते तास आजपासूनच लिहून ठेवायला लागा; हे भारतात राहूनही उपयोगी पडेल.

अभ्यासक्रम कोणताही निवडला तरी तो एसीओटीई या संस्थेने मान्य केलेला आहे ना, एवढे पाहा, कारण त्याशिवाय एनबीसीओटी या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाच्या परीक्षेला बसता येत नाही आणि त्या परीक्षेशिवाय कोणतेही राज्य परवाना देत नाही. परीक्षेचे गुण ३०० ते ६०० या पट्टीवर मिळतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४५० लागतात. शिक्षणाच्या शेवटी किमान २४ आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम करावे लागते, ते बहुधा बारा-बारा आठवड्यांच्या दोन ठिकाणी असते. डॉक्टरेट असल्यास त्यावर १४ आठवड्यांचा प्रकल्प.

माझे पहिले बारा आठवडे एका वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात गेले. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना टबच्या कडेवरून पाय न उचलता, बाकासारख्या आसनावर बसून सरकत आत कसे जायचे, हे शिकवायचे होते. मी बालपणापासून न्हाणीघरात पाटावर बसून बादली-तांब्याने आंघोळ केलेला माणूस. टबमध्ये शिरताना शरीराचा तोल कधी आणि कुठे जातो हे माझ्या अंगाला ठाऊकच नव्हते. मार्गदर्शिकेने मला आधी कपड्यांसह कोरड्या टबमध्ये दहा वेळा चढायला-उतरायला लावले. त्याआधी मला वाटत असे की भाषा हीच माझी अडचण आहे.

आता कटू भाग. शुल्क प्रचंड आहे, आणि कर्ज काढून येणार असाल तर नोकरी मिळेलच हे गृहीत धरून हिशेब करू नका. फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका यांना हरितपत्रासाठी (ग्रीन कार्डसाठी) 'शेड्युल ए' नावाची एक सोपी वाट आहे. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या यादीत नाहीत. दोन्ही व्यवसाय शेजारी-शेजारी काम करतात म्हणून नियमही सारखे असतील, असे समजून आलेले आणि अडकलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. तुम्हाला अमेरिकेत राहायचे असेल तर ही वाट आहे. सातारा जिल्ह्यातील मुलांसाठी काम करायचे असेल तर हा फार लांबचा वळसा आहे.

उत्तर: लीड्सहून

ब्रिटनचे थोडक्यात सांगते. येथे इतर विषयांतील पदवीधरांसाठी साधारण दोन वर्षांची नोंदणीपूर्व एम.एस्सी. असते आणि मानसशास्त्राच्या पदवीधरांचे तिथे स्वागत होते. जागतिक महासंघाच्या किमान निकषाप्रमाणे १,००० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण त्यात पूर्ण करावे लागते. त्यानंतर एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक परिषदेकडे नोंदणी. तिच्याशिवाय 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' हे बिरुद लावणे येथे कायद्याने गुन्हा आहे.

वेगळेपण सांगायचे तर रुग्णालयाइतकेच काम येथे घरांत चालते. स्थानिक नगरपालिकांकडे व्यवसायोपचारतज्ज्ञ असतात. ते घरी येऊन जिन्याची, शौचालयाची, दाराच्या रुंदीची मापे घेतात आणि कठडे किंवा उतार बसवण्याची शिफारस करतात. माझ्या एका प्रशिक्षणाचा बहुतांश काळ मोजपट्टी घेऊन लोकांच्या न्हाणीघरांत गेला आणि मी त्यात रमले.

सांगलीकरांच्या शेवटच्या वाक्यात माझी एक भर. परदेशातील पदवी घेऊन परत गेल्यावर भारतात नोंदणी आपोआप होईल असे धरून चालू नका. निघण्याआधीच परिषदेकडे लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी मिळालेले 'होऊन जाईल' दोन वर्षांनंतर कुणालाच आठवत नाही.

उत्तर: नागपूर, तिसरे वर्ष

मी बी.एस्सी. करून, एक वर्ष औषध कंपनीत नोकरी करून, मग २४ व्या वर्षी नीट दिली. म्हणून वयाच्या प्रश्नावर लिहायचा मला अधिकार आहे असे समजतो. नीटसाठीची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली गेली आहे, त्यामुळे नियमांची अडचण नाही. अडचण भौतिकशास्त्राची आहे. जीवशास्त्र वाचताना आठवत जाते. भौतिकशास्त्र आठ वर्षांनी उघडले की परक्या गावाचा नकाशा वाटतो. नोकरी सांभाळून मी रोज पहाटे दोन तास फक्त तेच केले.

वर्गातील मुले अठरा-एकोणीस वर्षांची असतात. पहिला महिना 'दादा' म्हणवून घेताना संकोच वाटला, नंतर शरीररचनेच्या तोंडी परीक्षेपूर्वी तेच मला शिकवत होते. मनोविकार विभागात गेल्यावर मात्र माझे वय कामी आले. दोन-दोन महिने कुणाशी न बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून कागदी पाकिटे चिकटवत राहायचे, त्याने तिसरे पाकीट स्वतःहून उचलले की ते नोंदवहीत लिहायचे, पण आनंद चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. हे अठराव्या वर्षी मला जमले नसते.

परळच्या मॅडमशी एका मुद्द्यावर मी असहमत आहे. वयाची काळजी करू नका हे म्हणायला ठीक, पण साडेचार वर्षे पगार बंद राहणार, हा हिशेब कोणी करायचा? वाईहून मुंबई-नागपूर म्हणजे वसतिगृह आले, आणि घरात कुणी तुमच्या पगारावर अवलंबून असेल तर हा निर्णय एकट्याचा राहत नाही. माझ्या बाबतीत थोरल्या बहिणीने चार वर्षे घर ओढले आहे. ते मी येथे लिहिले नाही तर चित्र खोटे ठरेल.

प्रतिसाद: परळची जुनी विद्यार्थिनी

नागपूरकर, तुमचे म्हणणे मान्य. पगारी नोकरीत असलेल्या व्यक्तीला मी ते फार सहज सांगून टाकले.

शिक्षिकाबाई, तुम्ही ठरवाल ते ठरवाल, तोवर एक अभ्यास देते. तो मुलगा शाळेत चमच्याने खातो. घरी कशाने खातो?

प्रतिसाद: वाईची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. परदेशाचा विचार मी बाजूला ठेवला आहे. माझ्या पगारावर घर चालत नाही, वडिलांची शेती आहे. त्यामुळे नागपूरकरांनी मांडलेला हिशेब घरी बसून केला आणि तो ओढूनताणून का होईना, बसतो. भौतिकशास्त्राची बारावीची पुस्तके भाचीकडून आणली आहेत. या वर्षी केवळ अंदाज घेण्यासाठी, आणि पुढच्या वर्षी खरी, अशी दोनदा नीट द्यायची असे ठरवले आहे. मॅडमकडून निरीक्षणाच्या तासांची वहीही सुरू केली.

परळच्या मॅडम, तुमच्या प्रश्नाने मला शरमिंदे केले. चार वर्षांत हे मी कधी विचारलेच नव्हते. शनिवारी त्याच्या घरी गेले. घरात खुर्ची नाही, टेबल नाही, चमचा फक्त डाळ वाढायला. तो जमिनीवर भिंतीला टेकून, पाय समोर पसरून बसतो आणि आई भाकरी आमटीत कुस्करून भरवते, कारण स्वतः खायला गेला की तो मागे भिंतीवर घसरत जातो आणि हात ताटापर्यंत पुढे येत नाही. म्हणजे शाळेत आम्ही सहा महिने जे शिकवत होतो ते त्याच्या घरी कोणी करतच नाही. वह्यांचे गठ्ठे इथे काय कामाचे?

प्रतिसाद: परळची जुनी विद्यार्थिनी

आता तुमचे विश्लेषण अर्ध्या पानाचे राहिले नाही.

तो मागे घसरतो याचे एक कारण बहुधा असे असते की मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असल्याने पाय सरळ पसरले की ते कटीला मागे ओढतात. कटी मागे वळली की पाठ गोल होते, आणि पाठ गोल झाली की हात पुढे यायला खांद्याला आधार उरत नाही. तुम्ही त्याच्यासमोर जमिनीवर तसेच बसून, मुद्दाम कणा वाकवून समोरचे ताट गाठून पाहा, लगेच कळेल. अशा मुलाला चार-पाच इंच उंच पाटावर बसवले, गुडघे थोडे वाकू दिले आणि पाठ सपाट भिंतीऐवजी खोलीच्या कोपऱ्यात टेकवली, तर दोन्ही खांदे दोन भिंतींमुळे थोडे पुढे येतात आणि ताट आवाक्यात येते. ताटही जमिनीवर नको, समोर दुसऱ्या पाटावर हवे.

पण हे मी मुलाला न पाहता लिहीत आहे. त्याचे खुबे, कणा आणि गिळण्याची क्रिया तुमच्या मॅडमनी तपासल्याशिवाय यातले काही करून पाहू नका. पुढच्या पंधरवड्यात त्या येतील तेव्हा त्यांना शाळेत न थांबवता थेट त्या घरी घेऊन जा, जेवणाच्या वेळेला. आणि जाताना भाकरीचा तुकडा तो कोणत्या बोटांनी मोडू पाहतो ते स्वतः पाहून वहीत लिहा. निरीक्षणाचा तो तास मॅडमची सही घेऊन नोंदवायला विसरू नका.